एक लोकल, दोन खासदार

लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी आम्हा बदलापूरकरांना दोन निकालांवर डोळा ठेवावा लागतो. एक आपला आणि दुसरा, ज्याच्याशी आपलं खरं देणंघेणं आहे तो. आपला म्हणजे भिवंडीचा, कारण कुळगाव-बदलापूर मुरबाड विधानसभेत आहे आणि मुरबाड भिवंडी लोकसभेत. दुसरा कल्याणचा, कारण उल्हासनगर आणि अंबरनाथ कल्याण लोकसभेत आहेत. रुळांना हे काही ठाऊक नाही. कल्याण सोडलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं ओळीने येतात. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधे कुठेतरी खासदार बदलतो, पण डब्यात चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या माणसाला त्याचा धक्काही बसत नाही. आमचं तहसील कार्यालय अंबरनाथला, आमदार मुरबाडचा, खासदार भिवंडीचा. त्या खासदाराला भेटायला निघालं की आधी लोकलने कल्याण गाठायचं, म्हणजे दुसऱ्याच्या मतदारसंघातून पुढे जायचं, आणि मग बस शोधायची.

४ जून २०२४ ला या दोन निकालांची तोंडं दोन दिशांना झाली. कल्याणात शिवसेनेचे श्रीकांत शिंदे ५ लाख ८९ हजार ६३६ मतं घेऊन तिसऱ्यांदा निवडून आले आणि भिवंडीत भाजपचे केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील ६६ हजार १२१ मतांनी पडले. ज्या युतीला अंबरनाथच्या मतदारसंघाने डोक्यावर घेतलं, तिलाच बदलापूरच्या मतदारसंघाने खाली उतरवलं. दुसऱ्या दिवशी गाडीत दोन्ही बाजूंच्या लोकांकडे फुशारकी मारायला काहीतरी होतं, त्यामुळे भांडण फारसं रंगलं नाही. पण मला त्या दिवसापासून एक गोष्ट खुपत राहिली. १९७७ पासून आजपर्यंत या तीन गावांनी दिल्लीला कोणाकोणाला पाठवलं, त्याची यादी मी करून पाहिली. म्हाळगी, जगन्नाथ पाटील, घोलप, कापसे, परांजपे पितापुत्र, शिंदे, तावरे, कपिल पाटील, म्हात्रे. यातला एकही उल्हासनगरचा नाही, अंबरनाथचा नाही, बदलापूरचा नाही. या पट्ट्याने मतं भरभरून दिली, माणूस एकदाही दिला नाही.

हे असं का झालं, याचं उत्तर गावांच्या जन्मातच थोडंफार सापडतं. उल्हासनगर हे गाव म्हणून वाढलेलं गाव नव्हेच. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तळ पडला, फाळणीनंतर त्याच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं आणून ठेवली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पत्ता सांगताना मात्र लोक आजही कॅम्प नंबरच सांगतात, एक ते पाच. अंबरनाथला हजार वर्षांपूर्वीचं शिलाहारांचं शिवमंदिर आहे खरं, पण आजचं अंबरनाथ वसलं ते विम्कोच्या काडेपेटीच्या कारखान्यामुळे, ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे आणि पुढे एमआयडीसीमुळे. बदलापूर उल्हास नदीकाठचं जुनं गाव. २००१ च्या जनगणनेत ते ९७ हजार ९४८ वस्तीचं होतं, २०११ ला १ लाख ७४ हजार २२६ झालं. मुंबईत घर परवडेनासं झालं की माणूस एकेक स्टेशन मागे सरकतो, त्या सरकण्याचं हे टोक. म्हणजे एक गाव निर्वासितांचं, एक कामगारांचं, एक घर शोधत आलेल्यांचं. तिन्हीकडच्या माणसाची पहिली काळजी पायाखालच्या जागेची: सनद, क्वार्टर, नाहीतर कर्जाचा हप्ता. अशा गावांत पुढारी नगरपालिकेपुरता तयार होतो. दिल्लीचा तयार व्हायला दोन-तीन पिढ्यांची निवांत जमीन लागते.

प्रयत्न झाला नाही असं नाही. राम जेठमलानी १९७१ साली उल्हासनगरातून अपक्ष म्हणून लोकसभेला उभे राहिले. जनसंघाचा आणि शिवसेनेचा, दोघांचाही त्यांना पाठिंबा होता. जेठमलानी मूळचे शिकारपूरचे, स्वतः निर्वासित. मुंबईत आल्यावर त्यांनी लढवलेल्या सुरुवातीच्या खटल्यांपैकी एक बॉम्बे रेफ्युजीज ॲक्टविरुद्धचा होता. निर्वासितांना गुराढोरांसारखं हाकणारा तो कायदा मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी आणला होता, आणि जेठमलानींनी तो कोर्टात पाडला. उल्हासनगरात याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं? पण ते साल इंदिरा गांधींच्या 'गरिबी हटाओ'चं होतं. जेठमलानी हरले. ते इथे राहणारे नव्हतेच, तरी या कॅम्पांना आपला म्हणता येईल असा तोच एक उमेदवार.

आता १९७७. ही निवडणूक मला अर्धी आठवते आणि अर्धी नंतर ऐकून पाठ झाली आहे, त्यामुळे दोन्हीतला सांधा कुठे आहे हे मला सांगता येणार नाही. अंबरनाथच्या ऑर्डनन्स वसाहतीत आम्ही राहायचो. केंद्र सरकारची नोकरी, त्यात संरक्षण खात्याची, त्यामुळे आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत वडीलमाणसं राजकारणावर बोलायची ती रेडिओचा आवाज वाढवून. गाड्या वेळेवर धावतात, साहेब वेळेवर येतो, हे कौतुक उघडपणे व्हायचं. नसबंदीच्या उद्दिष्टांची गोष्ट दार लावल्यावर निघायची. जानेवारी १९७७ च्या १८ तारखेला इंदिराबाईंनी निवडणूक जाहीर केली, आणि दारं हळूहळू उघडी राहायला लागली.

तेव्हा ही तिन्ही गावं ठाणे लोकसभेत होती. जनता पक्षाने इथे रामभाऊ म्हाळगींना उभं केलं. म्हाळगी पुण्याचे वकील, जनसंघाचे जुने कार्यकर्ते, १९५७ साली मावळातून आमदार झालेले. आणीबाणीत ते तुरुंगात होते. ठाण्याशी त्यांचा घरोबा म्हणावा असा काही नव्हता. पक्ष नवा, इतका की स्वतःचं चिन्हही नाही, भारतीय लोकदलाचं उसनं घेतलेलं: चक्रात नांगर धरलेला शेतकरी. समोर काँग्रेसची गाय आणि वासरू. म्हणजे ज्या कॅम्पात कोणाच्या नावावर एक गुंठा शेत नव्हतं आणि ज्या कारखान्याच्या वसाहतीत कुंडीतल्या तुळशीखेरीज काही पिकत नव्हतं, तिथे लोक नांगराला मत द्या म्हणून सांगत फिरत होते. चिन्हांचं हे असंच असतं.

म्हाळगी निवडून आले. २० मार्चच्या रात्री मोजणी सुरू झाली तेव्हा आकाशवाणी बराच वेळ इकडच्या तिकडच्या जागा सांगत राहिली. रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांवर मतांनी हरल्या, ही बातमी घरोघर पोहोचायला पहाट झाली. मुंबईतल्या सहाच्या सहा जागा काँग्रेसने गमावल्या. उल्हासनगराने गमावलेले जेठमलानी मुंबई वायव्यमधून कायदामंत्री ह. रा. गोखले यांना पाडून लोकसभेत गेले. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी काँग्रेसकडे २० राहिल्या.

वसाहतीत त्या दिवशी पेढे वाटले गेले. कोणी वाटले ते कोणी विचारलं नाही, खाल्ले मात्र सगळ्यांनी. पण या विजयाच्या पोटात एक चमत्कारिक गोष्ट होती आणि ती चार दिवसांनी बाहेर आली. २४ मार्चला पंतप्रधान म्हणून शपथ घेतली मोरारजी देसाईंनी. अंबरनाथच्या मराठी कामगाराच्या तोंडी ते नाव कसं यायचं, हे त्या पिढीच्या माणसाला सांगायला नको. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईत गोळीबार झाले तेव्हा मुख्यमंत्री मोरारजीच होते. हुतात्म्यांचा आकडा लोकांना पाढ्यासारखा पाठ होता. आणि रुळांच्या पलीकडे, कॅम्पांमधे, मोरारजी म्हणजे निर्वासितांवर कायदा आणणारा गृहमंत्री. मराठी आणि सिंधी या दोन समाजांचं इथे पाण्याच्या नळापासून दुकानाच्या पाटीपर्यंत कशावर एकमत होत नसे. मोरारजींवर होतं. आणि दोघांनी मिळून ज्या पक्षाला भरभरून मतं दिली, त्याने मोरारजींनाच गादीवर बसवलं.

याला लोकांची फसवणूक म्हणायला माझं मन घेत नाही. मतदार एका माणसाला खाली उतरवायला गेले होते, आणि त्याला त्यांनी उतरवलं. वर कोण चढणार हे त्या चिठ्ठीवर छापलेलं नव्हतं. लोकसभेचा निकाल म्हणून आपण जे वाचतो त्यात 'नको' हा भाग मतदाराचा असतो, 'कोण' हा भाग बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचा. तेव्हापासून प्रत्येक निकालाच्या दिवशी मी हे तपासत आलो आहे आणि फार वेळा चुकलेलं आढळलेलं नाही. जेठमलानींना मोरारजींनी मंत्रिमंडळात घेतलं नाही, ही त्या गोष्टीची शेपटी. कायदामंत्री शांती भूषण झाले.

म्हाळगींचं मात्र वेगळं. बाहेरून आलेला हा माणूस मतदारसंघाचं देणं लागतो असं समजून वागला. आलेल्या पत्राला उत्तर देणं आणि वर्षभर काय केलं याचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवणं, ही त्यांची आमदार असल्यापासूनची सवय. ती त्यांनी दिल्लीतही सोडली नाही. खासदाराने हिशेब द्यायचा असतो, ही कल्पना इथल्या पुष्कळांना त्या अहवालांमुळेच कळली. १९८० साली इंदिरा गांधी परत आल्या, महाराष्ट्रात काँग्रेसने ३९ जागा मारल्या आणि जनता पक्षाला उरल्या आठ. त्या आठांत ठाणे होतं. देश एकीकडे गेला आणि आमची लोकल दुसरीकडे. लाटेविरुद्ध मत देण्याला लोक शहाणपण म्हणतात किंवा हट्ट म्हणतात. इथे मला वाटतं ते अहवालाला पोचपावती देण्यासारखं होतं. त्यात जनसंघाचं जुनं काम होतंच, विशेषतः सिंधी वस्तीत. १९७८ पासून उल्हासनगरचे आमदार शीतलदास हरचंदानी त्याच मुशीतले. पण केवळ संघटनेला लाट थोपवता आली असती तर १९८४ ला आली असती.

म्हाळगी १९८२ साली गेले. पोटनिवडणुकीत भाजपचे जगन्नाथ पाटील आले. मग ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतरच्या निवडणुकीत भाजपला सबंध देशात दोन जागा मिळाल्या. ठाण्यात काँग्रेसचे शांताराम घोलप निवडून आले. त्या निकालावर कोणी फारसं बोललं नाही. सहानुभूतीच्या मतावर वाद घालता येत नाही.

१९८९ आणि १९९१ ला रामभाऊंच्याच पक्षाचे राम कापसे आले. कल्याणचे, मराठीचे प्राध्यापक, बोलायला मऊ. आमच्या तीन गावांच्या सर्वांत जवळ राहणारा खासदार कोण, असं विचारलं तर बहुधा कापसेच. १९९१ च्या निवडणुकीच्या मध्यावर राजीव गांधींची हत्या झाली. महाराष्ट्रात मतदान त्यानंतर झालं आणि काँग्रेसला ३८ जागा मिळाल्या. भाजपला पाच. त्या पाचांत पुन्हा ठाणे. कापसे पुढे अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल झाले आणि त्सुनामी आली तेव्हा तिथेच होते. पण इथली त्यांची जागा गेली ती मतदारांमुळे नव्हे. १९९६ साली युतीच्या वाटपात ठाणे शिवसेनेकडे गेलं. आनंद दिघे यांनी ती जागा अडून मागून घेतली आणि बसलेल्या खासदाराला उठावं लागलं. शिवसेनेचे प्रकाश परांजपे उभे राहिले, निवडून आले आणि १९९८, १९९९, २००४ ला येतच राहिले. कापशांच्या कामाचा हिशेब मतदारांनी करायच्या आतच तो बंगल्यावरच्या बैठकीत झाला. १९७७ सालचा 'कोण' हा भाग दिल्लीत ठरला होता, या वेळी ठाण्यात. अंतर कमी झालं एवढंच.

या काळात उल्हासनगरची विधानसभा आणि लोकसभा अशी दोन वेगळी मनं दिसतात. १९९० पासून २००४ पर्यंत चार वेळा पप्पू कलानी आमदार झाले. पहिल्यांदा काँग्रेसकडून, १९९५ ला टाडाखाली तुरुंगात असताना अपक्ष म्हणून, पुढे रिपब्लिकन पक्षाकडून. १९९९ साली महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्या. मतदाराने एकाच खेपेला दोन मतं दिली, आणि निकालात उल्हासनगरातून कलानी तर ठाण्यातून युतीचे परांजपे. बाहेरचे पत्रकार याला गुंतागुंत म्हणायचे. कॅम्पातल्या माणसाला ती तशी वाटत नसे. आमदार म्हणजे नळ, पोलीस चौकी आणि बांधकाम. खासदार म्हणजे वाजपेयी की सोनिया. दोन कामांना दोन माणसं. उच्च न्यायालयाने २००५ च्या सुमाराला ८५५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या तेव्हा दिल्लीचा खासदार कोणाला आठवला नाही. पुढच्याच वर्षी मुंबईत विधिमंडळाने उल्हासनगरसाठी खास कायदा करून इमारती नियमित करण्याची वाट काढली, तेव्हा सगळ्यांचे डोळे तिथे लागले होते. अंबरनाथला १९९० पासून तीन वेळा शिवसेनेचे साबीर शेख आमदार झाले आणि युतीच्या सरकारात कामगारमंत्रीही. शिवचरित्र कीर्तनकाराच्या रसाळपणाने सांगणारा हा मुसलमान शिवसैनिक. आजच्या राजकारणात त्याला कुठे बसवायचं, हे त्याच्या पक्षाच्या कोणत्याच तुकड्याला सांगता येणार नाही.

२००४ साली 'इंडिया शायनिंग'वाले दिल्लीत हरले आणि ठाण्यात युतीच जिंकली. १९८०, १९९१, २००४. देशाने काँग्रेसचं सरकार आणलं आणि या रुळांवरच्या गावांनी विरोधी बाकावर बसणारा खासदार पाठवला, असं हे तिसऱ्यांदा. त्या वेळी ठाणे हा देशातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी एक होता. एवढ्या गर्दीत बदलापूरचं मत म्हणजे काय, हा प्रश्न मला तेव्हा पडायचा. आता उलटा पडतो.

कारण २००८ साली रेघा बदलल्या. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून मतदारसंघ नव्याने आखले. ठाण्यातून कल्याण वेगळा निघाला: अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण पूर्व, डोंबिवली, कल्याण ग्रामीण आणि मुंब्रा-कळवा. अंबरनाथ विधानसभा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. उल्हासनगरच्या चार आणि पाच नंबर कॅम्पातला काही भाग अंबरनाथला नि कल्याण पूर्वला जोडला गेला. बदलापूर मात्र उचलून मुरबाडमधे, आणि मुरबाडसकट भिवंडीत. भिवंडी, शहापूर, मुरबाड: यंत्रमाग, आदिवासी पाडे, भातशेती. त्यांच्या पंगतीत सकाळी मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्यांचं गाव. आमच्यासाठी रेघा ओढण्याची ही काही पहिली खेप नव्हती. १९८३ ला कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात घातली, १९९२ ला बाहेर काढली. आत जाताना आणि बाहेर येताना सारखीच भाषणं झाली. मतदारसंघाची रेघ मात्र भाषणाशिवायच ओढली गेली. कित्येकांना ती कळली २००९ ला मतदान यंत्रासमोर, ओळखीचं नाव दिसलं नाही तेव्हा.

आणि पहिल्याच निवडणुकीत रेघेच्या दोन बाजूंना दोन निकाल लागले. कल्याणात शिवसेनेचे आनंद परांजपे राष्ट्रवादीच्या वसंत डावखरे यांच्यापुढे २४ हजार २०२ मतांनी निसटले. भिवंडीत काँग्रेसचे सुरेश तावरे भाजपच्या जगन्नाथ पाटलांना ४१ हजार ३६४ मतांनी पाडून गेले. हे पाटील म्हणजे १९८२ च्या पोटनिवडणुकीतले तेच. तेव्हा बदलापूरने ज्याच्या विजयात वाटा उचलला, सत्तावीस वर्षांनी त्याच्याच पराभवाच्या हिशेबात बदलापूर होतं. मधल्या काळात गाव तिप्पट-चौपट वाढलेलं, आणि नव्याने आलेल्यांना ते पाटील कोण हेही ठाऊक नसावं.

२०१४ आणि २०१९ वर मी जास्त वेळ घालवणार नाही. मोदींच्या लाटेत रेघ पुसली गेली. कल्याणात सत्तावीस वर्षांचा हाडांचा डॉक्टर, ठाण्याच्या एकनाथ शिंद्यांचा मुलगा, अडीच लाखांनी जिंकला. समोर आनंद परांजपेच होते, पण आता राष्ट्रवादीच्या घड्याळावर. भिवंडीत कपिल पाटील १ लाख ९ हजारांनी. पाच वर्षांनी दोन्ही आकडे आणखी फुगले, शिंद्यांचा ३ लाख ४४ हजारांपर्यंत. अशा निकालात मतदारसंघ शोधायला भिंग लागतं. बदलापूरचं मत भिवंडीत मोजा नाहीतर बारामतीत, दिसायचं तेच दिसलं असतं.

जून २०२२ ला शिवसेना फुटली तेव्हा ती आमच्यासाठी टीव्हीवरची बातमी नव्हती. फुटीचा नायक ठाण्याचा, त्याचा मुलगा आमचा शेजारचा खासदार, शाखा त्याच, बोर्डावरचे फोटो बदललेले. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात गोळीबार झाला. भाजपचे कल्याण पूर्वचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. जखमी झालेले महेश गायकवाड शिंदे गटाचे शहरप्रमुख. म्हणजे सत्तेतल्या दोन मित्रपक्षांची धुसफूस पोलीस ठाण्याच्या खोलीपर्यंत गेली होती, आणि निवडणूक तीन महिन्यांवर. श्रीकांत शिंदे यांची उमेदवारी शेवटी जाहीर केली ती देवेंद्र फडणवीस यांनी. उमेदवार एका पक्षाचा आणि घोषणा दुसऱ्याची. पुन्हा तोच 'कोण'चा प्रश्न आणि पुन्हा तेच उत्तर. उल्हासनगरात पप्पू कलानींचे चिरंजीव ओमी कलानींनी 'दोस्ती का गठबंधन' म्हणत शिंद्यांना साथ दिली, आणि कुमार आयलानी भाजपचे म्हणून बाजूने होतेच. एरवी एकमेकांविरुद्ध लढणारे कलानी आणि आयलानी एकाच उमेदवारामागे उभे आहेत हे दृश्य पाहायला कॅम्पातल्या म्हाताऱ्यांना आयुष्यभर थांबावं लागलं. विरोधात ठाकरे गटाच्या वैशाली दरेकर. या २००९ ला मनसेकडून उभ्या होत्या, तेव्हा १ लाख २ हजार मतं होती. आता ३ लाख ८० हजार ४९२. हरल्या, पण ज्या उमेदवाराला लोक बळीचा बकरा म्हणत होते तिच्यामागे एवढी माणसं उभी राहिली. विजयाच्या मिरवणुकीत हा आकडा कोणी मोजला नाही.

२० मेच्या त्या मतदानाचा उकाडा अजून अंगावर आहे. याद्यांत नाव नसलेली माणसं केंद्रावरून केंद्रावर फिरत होती. कल्याणात मतदान कसंबसं निम्म्यावर गेलं. भिवंडीत साठ टक्क्यांच्या जवळ. इतका फरक एका रेल्वेमार्गावरच्या गावांत पडत नसतो. भिवंडीचा तो आकडा गावपाड्यांचा आणि भिवंडी शहराचा, बदलापूरच्या चाकरमान्याने तो वाढवला असं मला वाटत नाही.

आणि तिथेच भिवंडीचा निकाल आहे. शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे सुरेश म्हात्रे, ज्यांना बाळ्यामामा म्हटल्याशिवाय कोणाला ओळख पटत नाही, ४ लाख ९९ हजार ४६४ मतं घेऊन आले. तेच २०१४ ला मनसेचे उमेदवार होते. चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, काही महिन्यांपूर्वी कोणी न पाहिलेलं. जिजाऊ संस्थेचे नीलेश सांबरे यांनी अपक्ष राहून २ लाख ३१ हजार मतं घेतली. कपिल पाटील आणि भाजपचेच मुरबाडचे आमदार किसन कथोरे यांचं बिनसलेलं सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. यातलं नेमकं कशामुळे काय झालं, हे सांगणारे तज्ज्ञ बदलापूर स्टेशनबाहेरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर आहेत. महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ३० जागा गेल्या आणि महायुतीला १७ उरल्या. देशात भाजप २४० वर थांबला. भिवंडी त्या तिसांत आहे, कल्याण त्या सतरांत. म्हणजे पूर्वी या गावांनी मिळून जी उलटी वाट धरली असती ती या वेळी अर्ध्यांनीच धरली.

मला त्या निकालाचा आनंद झाला की दुःख, हे इथे महत्त्वाचं नाही. घरातच दोन मतं होती. मला खटकलं ते प्रचारात. कल्याण ते बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका, अंबरनाथ-बदलापूरच्या मधलं चिखलोली स्टेशन, सकाळच्या गाड्यांच्या फेऱ्या: या मागण्या तिन्ही गावांच्या एकच आहेत. त्या मागणारे खासदार दोन. एक दुसऱ्याच्या श्रेयावर बोर्ड लावणार, आणि काम रेंगाळलं तर दोघंही दुसऱ्याच्या हद्दीकडे बोट दाखवणार. अंबरनाथला शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हलला गर्दी लोटते, त्यात बदलापूरची निम्मी असेल, पण तो आमच्या खासदाराचा नाही. बारवी धरण आमच्या दाराशी, पाणी सगळ्यांना. म्हाळगींसारखा छापील अहवाल आज कोणी दिला तर तो दोघांनी मिळून छापावा लागेल.

आता जनगणना येते आहे, २०२७ ची, आणि तिच्यामागून मतदारसंघांची नवी आखणी. २०११ चे आकडे तोवर जुनेपुराणे झालेले असतील. बदलापूरला नव्या इमारती उठतात त्या वेगाने पाहिलं तर आमचा आकडा कोणाच्याही डोळ्यात भरेल असा. तेव्हा बदलापूरला परत अंबरनाथ-उल्हासनगरजवळ आणावं असं मला वाटतं. एका लाइनवरची माणसं एका ठिकाणी मोजली जावीत, आणि तीन गावांच्या बेरजेतून कधीतरी इथलाच कोणी उभा राहावा. आमच्या मजल्यावरचे जोशीकाका याला कडाडून विरोध करतात. त्यांचं म्हणणं, कल्याणात गेलो की पुन्हा ठाण्याच्या बंगल्यावरून आलेला उमेदवार मुकाट्याने निवडायचा. भिवंडीत आहोत म्हणून निदान दोनदा निकाल फिरताना बघितला.